दाणा बोलंना

“डॉक्टरसाहेब, दात लई मजबूत हाय. पन दाणा बोलंना झालाय.”

धर्माबादचे मारोतराव माझ्या नांदेडच्या दवाखान्यात, खुर्चीवर आडवे होऊन तक्रार सांगत होते. त्यांच्या खालच्या उजव्या दाढेच्या जागी मी इम्प्लांट, म्हणजे हाडात रुजणारा टायटेनियमचा स्क्रू, बसवला होता. त्यावर झिर्कोनियाचा क्राऊन, म्हणजे लोकांच्या भाषेत कॅप. झिर्कोनिया अतिशय कठीण. “ही कॅप तुमच्यापेक्षा जास्त जगेल,” असे मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

दाणा कोणता आणि तो काय बोलतो, हे मी विचारले नाही. हसलो आणि त्यांना घरी पाठवले.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. आता कॅप हलत होती. कॅपला इम्प्लांटशी जोडणारा बारीक स्क्रू सैल झाला होता. तो आवळला आणि एक्स-रे काढला. इम्प्लांटच्या मानेभोवतीचे हाड खाली गेलेले दिसले.

“काढावा लागंल का हो?” मारोतरावांनी विचारले. या वेळी मी हसलो नाही.

कॅप लातूरच्या लॅबमध्ये युनूसभाईंनी बनवली होती. मी त्यांना फोन लावला. चूक त्यांची निघावी, अशी माझी मनोमन इच्छा होती, हे कबूल केले पाहिजे.

“युनूसभाई, कॅप उंच झाली होती का?”

“सर, उंची तुम्हीच तपासून बसवले की. मी तर इचारलो होतो, पेशंट काय चावतो म्हणून. तुम्ही म्हणाले, ‘माणूस आहे, माणसासारखं चावेल.’”

फोन ठेवला आणि तोच प्रश्न, फार उशिरा, मारोतरावांना विचारला.

“काय चावतो म्हंजे? धान्याची आडत हाय माझी. ढिगातला दाणा दाढंखाली धरायचा. तूर, हरभरा. कट्ट वाजला की वाळलेला, दबला की ओला. मशीन हाय मार्केटात, पन शेतकरी माझ्या दाढंलाच मानतो.”

“दिवसातून किती वेळा?”

“जितके ढीग, तितके दाणे.”

“आणि या दाढेने?”

“मुकी हाय ही. कायीच सांगंना. म्हनून आनखी जोर लावतो.”

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. ती दाब सोसते आणि दाबाचा निरोपही मेंदूला पोहोचवते. इम्प्लांट थेट हाडाला जखडलेला असतो. तिथे गादीही नाही आणि तसा निरोप्याही नाही. त्यावर झिर्कोनियासारखी कठीण कॅप बसवली, की चावण्याचा धक्का फारसा न शमता खाली उतरतो आणि ताण मानेजवळच्या हाडावर येतो. रेझिन, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, मिसळलेली कॅप थोडी लवचिक. ती धक्क्याचा काही भाग स्वतः सोसते, मात्र लवकर झिजते. यात कॅपचा वाटा किती, यावर आम्हा डॉक्टरांत मतभेद आहेत. चावणाऱ्याचा वाटा मोठा, यावर नाहीत. मारोतरावांच्या कार्डावर ‘व्यवसाय : व्यापार’ एवढेच लिहिलेले होते. अक्षर माझे होते.

मी रेझिनमिश्रित कॅप बसवली. थोडी अरुंद, किंचित बुटकी. दाणा यापुढे डाव्या बाजूच्या स्वतःच्या दाढेने पाहावा, अशी अट घातली.

“डावी दाढ शिकाऊ हाय, साहेब.”

“शिकेल. मीही शिकतो आहे.”

वर्षभराने एक्स-रे काढला. हाड जिथे होते तिथेच थांबले होते. इम्प्लांट वाचला होता. डावी दाढही, त्यांच्या मते, “आता बरी बोलून राहिली.” नवी कॅप मात्र चांगलीच झिजली होती. ती बदलावी लागेल, हे मी जरा ओशाळूनच सांगितले.

“चला,” मारोतराव समाधानाने म्हणाले, “एक तरी कॅप माझ्या आधी गेली.”

आता माझ्या पेशंटांच्या कार्डावर ‘व्यवसाय’ या रकान्याखाली एक ओळ वाढली आहे : दाताने काय काम करता? बहुतेक लोक माझ्याकडे पाहून ‘जेवतो’ असे उत्तर देतात. मी ते लिहून घेतो, आणि पुन्हा एकदा विचारतो.