मामाच्या विहिरीतली बाई

सिनेमाचा शेवट आधीच सांगणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. माझा मामेभाऊ नेमका असा माणूस. रहस्यपट बघताना शेजारी बसला की मध्यंतराच्या आत कानाशी येऊन म्हणणार, "खून त्या डॉक्टरनं केलाय बरं का." यावरून आमच्यात कितीदा अबोला झालाय, विचारू नका.

मी नोकरी कंपनीत करायचो आणि जाता-येता कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर भयकथा लिहायचो. प्रकाशकांच्या दारात ताटकळत उभं राहायची हौस मला कधीच नव्हती. आपलं आपण लिहायचं, दर गुरुवारी संध्याकाळी एक भाग नेटवर टाकायचा, आणि खाली एखाद्या रहस्यपटावर तोंडसुख घ्यायचं. दार करकरलं की वाद्यं बडवायला लागणाऱ्या दिग्दर्शकांचा मला लई राग. अरे, भीती काय वाजवून दाखवायची गोष्ट आहे का? घरात सगळं जागच्या जागी असावं आणि उंबऱ्याबाहेर एकच चप्पल जास्त असावी. माणूस तिथंच गार पडतो.

सगळ्यात गाजली ती विहिरीतल्या बाईची मालिका. पाणी शेंदायला आलेल्या बाईला ती खालून मायेनं विचारते, "भरली का गं घागर?" उत्तर दिलं की संपलं. विहीर मात्र मी शोधत बसलो नाही. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला मामाचं शेत आहे, तिथली जशीच्या तशी उचलली. वाकडं उंबर, तुटकी पायरी, जुन्या मोटेचं पाणी पडायचं त्या दगडी थारोळ्यावर कोरलेला मोर. बाई माझी, विहीर मामाची. वाचक येडे झाले. बसमधली माणसंसुद्धा विचारायची, ती बाई हाय तरी कोण? मी कुणालाच सांगायचो नाही. शेवट फक्त मामेभावाला माहीत होता, कारण विहिरीच्या काठावर गप्पा मारताना तो मला सुचला आणि शेजारी हाच बसलेला. नशीब माझं, दुसरं काय.

त्याच सुमारास त्याचं लग्न अडलं होतं. शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी देतंय कोण? बघून बघून मामा थकला होता. शेवटी बिडकीनचं एक स्थळ जमत आलं. मुलीचे वडील आणि काका घर-शेत बघायला येणार म्हणून मामानं मलाही बोलावलं. चहापाणी झालं, कपाशी बघून झाली आणि मंडळी विहिरीकडं वळली.

मुलीचा काका एकदम थबकला. त्यानं उंबर बघितलं, पायरी बघितली, मोरावरून हात फिरवला. म्हणाला, "ही तर तीच विहीर." आता खरं सांगतो, मामाचा जीव टांगणीला लागला होता आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नुसत्या माझ्या वाक्यांवरून बिडकीनच्या माणसानं विहीर ओळखली! तेवढ्यात काकाची नजर थारोळ्यात गेली. तिथं पत्रावळीवर दहीभात, लिंबू आणि वर कुंकू. त्यानं मोरावरचा हात झटकन मागं घेतला. पाहुणे जेवायला न थांबता निघून गेले.

तो दहीभात मामीचा. बाई मी मनानं रचलीय हे तिला पन्नासदा सांगितलं होतं. "मला माहीत हाय रे," मामी म्हणाली, "पण चांगल्या कामाच्या दिवशी तिला उपाशी कशाला ठेवायचं?"  मामा मात्र भडकला. "भाच्या, तुझ्या भुतानं माझ्या पोराचं लगीन खाल्लं." मामेभाऊ कोपऱ्यात गप बसून होता. त्याचं ते गप बसणंच मला लागलं.

रविवारी सकाळी मी एकटाच बिडकीनला गेलो. हात जोडून सांगितलं, विहिरीत पाण्याशिवाय काही नाही, सगळं माझ्या डोक्यातलं आहे. मुलीचे वडील म्हणाले, "मग शेवट सांगा की. बाई खोटी हाय एवढं आमच्या कानानं ऐकू द्या, मग बघू." घ्या. जे आयुष्यात कधी केलं नाही तेच करायची पाळी आली. डोळ्यासमोर कोपऱ्यातला मामेभाऊ आला. मी घसा खाकरला. म्हटलं, "ऐका तर. ती बाई म्हणजे..."

"थांबा, दादा." मुलगी आतून बाहेर आली. "शेवट सांगितला तर माझा नकार समजा."

वडील बघतच राहिले. ती माझ्यासमोर बसली. पहिल्यापासून सगळे भाग तिनं वाचलेले, सिनेमांवरची माझी बडबडसुद्धा. म्हणाली, "मी भयपट आवाज बंद करून बघते. तरी भीती वाटली तर तो खरा." हे मला इतक्या वर्षांत का सुचलं नाही? आनंदानं मी खुर्चीतून उठायच्याच बेतात होतो. आमच्या गप्पा ऐकून काकासुद्धा हसायला लागला. मग तिनं विचारलं, "मुलाला माहीत हाय शेवट?"

"व्हय."

"मग त्यांना सांगा, मला कळू द्यायचा नाय. लगीन झाल्यावर बी नाय."

 कुणाच्या तोंडावर भरवसा ठेवतेय ही!

पोरगीच घाबरत नाही म्हटल्यावर वडलांनी होकार दिला आणि लग्न झालं. त्या धामधुमीत शेवटचा भाग मी मुद्दामच मागं ठेवला. दुसऱ्या दिवशी नवी नवरी विहिरीला हळदकुंकू वाहायला आली, मागं घरातल्या सगळ्या बाया, कडेला मामेभाऊ आणि मी. ती वाकली आणि विहिरीत गोड आवाजात म्हणाली, "भरली का गं घागर?" बाया किंचाळून हसल्या. मामीनं मात्र घाईघाईनं हात जोडले. मग नवरी नवऱ्याकडं वळली. "खरंच, कोण हाय हो ती?"

 मामेभावाचे कान लाल झाले, ओठ हलले. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"मला काय माहीत," तो म्हणाला.

तो खोटं बोलतोय हे तिला पक्कं कळलं होतं. ती इतकी खूश झाली की हातातलं सगळं कुंकू तिनं त्या मोरावरच ओतलं.