तिकडं झाली तपासणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – आईलाही नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. त्यामुळे दवाखाना असो की बँक, घरचे मलाच पुढं करायचे. बाई – माझी मोठी बहीण – पहिल्या बाळंतपणाला तिरोड्याकडे माहेरी आली, तेव्हा तिला दवाखान्यात मीच नेलं.

भाऊजी सडक अर्जुनीचे, ट्रकवर होते. त्या वर्षी ते फार वाळले. ताप जायचा, पुन्हा यायचा. सगळे म्हणत, ढाब्यावरचं खाणं बाधतं. मी मात्र – कसं सांगू? – कॉलेजच्या एचआयव्हीवरच्या पथनाट्यात होतो. भाऊजींचा ट्रक जायचा त्याच हायवेवर, ट्रकवाल्यांसमोर, ‘लवकर तपासा, इलाज आहे’ असं घसा फोडून ओरडलो होतो. टाळ्या घेतल्या होत्या. मला काही कळत नव्हतं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

दवाखान्यात ती तपासणी कोपऱ्यातल्या खोलीत व्हायची. बाहेर एक बाक. त्यावर कोण बसलं, हे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं. आणि समोरच्या रांगेत आमच्या गावच्या दोघी उभ्या होत्या.

बाई वजन करायला आत गेली होती. सिस्टरनं मला विचारलं, “हिची एचआयव्हीची तपासणी झाली का?”

“तिकडं झाली. सासरी. काही नाही निघालं.”

शिकलेला भाऊ सांगतो आहे – तिनं विश्वास ठेवला.

बाई बाहेर आली. “काऊन रे बाबू, मले रक्त नाही द्या लागत?”

“कायले? झालं तुयं सगळं.”

“बरं झालं बा! मले सुईचा लय भेव लागते,” म्हणून ती हसली.

भाऊजी पुढच्याच वर्षी गेले. मग भाचा सारखा आजारी पडू लागला, तेव्हा कुठं मायलेकरांचं रक्त तपासलं. दोघांतही निघालं. बाळंतपणाआधी कळलं असतं तर औषध देता आलं असतं, लेकराला बहुतेक झालंच नसतं – डॉक्टर शांतपणे सांगत होते. मी बाईच्या मागं उभा होतो. तिच्या पुढं जायची हिंमत झाली नाही.

भाचा आता शाळेत जातो. औषध घेताना तोंड वाकडं करतो. परवा त्याला औषध पाजता पाजता बाई म्हणाली, “त्या टायमाले मले कोणी इचारलंच कसं नाही रे?”

“सरकारी दवाखाना, बाई,” मी म्हणालो.

विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं.