अप्पांसाठी नसलेली प्रार्थना

एका ठणठणीत माणसाला देवानं शांतपणे आपल्याकडं बोलावून घ्यावं, अशी प्रार्थना मी एकदा केली आहे. तीही मोठ्यानं.

माझ्या बायकोचे, म्हणजे शीलाचे, शमुवेलमामा सांगलीत विश्रामबागेच्या एका दवाखान्यात अखेरच्या दुखण्यात पडले होते. डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, आणि मामांनी ते घरच्यांच्या आधी ओळखलं होतं. मामा जन्मभर कंपाउंडर. उपदेश त्यांनी कुणाला केला नाही. गल्लीत कुणी आजारी पडलं की डबा घेऊन जायचे, उशाशी बसायचे आणि निघताना दोन वाक्यांची प्रार्थना करायचे.

माझं उलटं. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत सुपरवायझर. यंत्रांच्या वरताण ओरडायची सवय, त्यामुळं चर्चमध्ये मला माईक लागत नाही. (शीला म्हणते, "देव बहिरा नाही हो!") मामांसाठी मनापासून काहीतरी करावं म्हणून कराड येईपर्यंत एसटीत मी प्रार्थना जुळवली. पुढं सांगलीपर्यंत ती घोकली.

शीला डॉक्टरांना भेटायला थांबली. "खिडकीजवळची कॉट. तुम्ही व्हा पुढं," म्हणाली.

वॉर्डला दोन टोकांना दोन खिडक्या आहेत, हे मला नंतर कळलं!

मी गेलो त्या खिडकीशी कानटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ तोंडावर पांघरूण घेऊन निजले होते. मला भरून आलं. पांघरूण सारून चेहरा बघायचा धीर होईना. मी डोळे मिटले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

"हे स्वर्गीय पित्या! तुझा हा दास आता थकला आहे. त्याचं इथलं काम संपलं आहे. त्याला वेदनेशिवाय तुझ्या घरी ने! मागं राहणाऱ्यांना धीर दे!"

मागून एका बाईनं हंबरडा फोडला. मामी तर केव्हाच वारल्या होत्या! मी डोळे उघडले.

"आवं, डाक्टर म्हणालं हर्नियाचं बारकं आपरेशन हाय!" हातात चहाचा थर्मास घेतलेल्या काकू ओरडत होत्या. "आन् तुमी ह्ये काय बोलताय?"

पांघरुणातून एक अनोळखी, घाबरलेला चेहरा बाहेर आला. "डाक्टरनं आपल्यापास्नं लपवलं बघ. म्हणून ह्यास्नी धाडलंय."

"नाही हो! चूक झाली माझी. ही प्रार्थना दुसऱ्यांची होती."

"दुसऱ्याची? मग माझ्यावर कशाला सोडली?"

"मी... परत घेतो."

"देवाच्या कानावर गेली न्हवं? आता कशी माघारी येनार?"

गृहस्थ उठून बसले. "कापडं आण माझी. उद्याचं आपरेशन न्हाई करायचं," म्हणत चपला शोधू लागले.

एवढ्यात पलीकडच्या खिडकीशी एक क्षीण आवाज उठला.

"जावईबापू, ती माझी आहे. इकडं आणा!"

अख्खा वॉर्ड वळला. कोपरावर रेलून मामा हसत होते. हसता हसता ठसका लागला. मी धावलो, त्यांना पाणी दिलं, माफी मागायला लागलो.

"माझं राहू द्या," मामा म्हणाले. "मला भीती नाही. त्यांना वाटतेय. आधी त्यांच्यापाशी बसा. आणि जरा हळू बोला."

मी परत गेलो. या खेपेला आधी नाव विचारलं.

"अप्पा म्हणत्यात." मग म्हणाले, "मला झोपवलं, आन् जागच आली न्हाई तर?"

मी नुसता हात धरून बसलो. काकूंनी डोळे पुसले, मलाही चहा दिला. अप्पांनी पाय पुन्हा पांघरुणात घेतले, तेव्हा मी विचारलं, "तुमच्यासाठी प्रार्थना करू?"

"कुठली?"

"दुसरी."

अप्पांनी काकूंकडं बघितलं. "आमचं देव येगळं. पर चालतंय. डोळं उघडं ठिवून करा."

तशीच केली. मग मामांकडं गेलो. घोकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. "प्रभू, आमच्या मामांना सांभाळ," एवढंच म्हणता आलं. "आमेन" मामांनीच म्हटलं. मागं शीला कधी येऊन उभी राहिली, कळलंही नाही.

अप्पांचं ऑपरेशन नीट झालं. मामा त्यानंतर थोड्याच दिवसांनी, रविवारी सकाळी, झोपेतच गेले. चेहऱ्यावर कसलाही त्रास नव्हता.

अंत्यविधीला अप्पा पोटाचे टाके सांभाळत चर्चमध्ये आले आणि माझ्याशेजारी पुढच्याच बाकावर बसले. "लय भला मानूस," म्हणाले. मला रडू आवरेना. तेवढ्यात पास्टरसाहेबांनी मला प्रार्थना करायला सांगितलं.

मी उभा राहिलो. अप्पाही उठले, आणि पोटावर हात धरून जितक्या लवकर जाता येईल तितक्या लवकर शेवटच्या बाकावर जाऊन बसले.