पाटावर बसणारा माणूस

डोमाजीची चक्की बंद झाली तरी त्याच्या अंगावरचं पीठ लवकर निघत नसे. भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर, पापण्यांत ते बसून राही. संध्याकाळी तो रोहण्याच्या रस्त्यानं घराकडे निघाला की समोरून येणाऱ्याला आधी एक पांढरा चेहरा दिसे आणि मग त्यामागचा माणूस. लहान पोरं बिचकत. मोठी माणसं बिचकत नसत, पण त्यांची नजर क्षणभर अडखळे. कारण डोमाजी त्यांच्या घरी कधी ना कधी मेलेला माणूस म्हणून जेवून गेला होता.

पितृपक्षात गावातल्या बऱ्याच घरी पितर बसवतात. ज्याची तिथी असेल त्याच्या नावानं कोणाला तरी बोलावतात, पाटावर बसवतात, पाय धुतात, गंध लावतात. जेवून उठेपर्यंत त्याला त्याच्या स्वतःच्या नावानं कोणी हाक मारत नाही. तेवढ्या वेळापुरता तो त्या घरातला गेलेला माणूस असतो. गेलेल्याला जे आवडे ते ताटात वाढतात आणि शेवटी हात जोडून विचारतात, तृप्त झाले का. पाटावरच्यानं ‘तृप्त’ म्हणायचं असतं. मग घर मोकळं होतं.

हे बसणं फारसं कोणाला आवडत नाही. डोमाजीवर ते अचानक येऊन पडलं. तिशीत असताना तो एका घरी पिठाचा डबा पोचवायला गेला होता, ठरलेला माणूस तापानं आला नव्हता. डोमाजीला आईबाप नव्हते, म्हणजे बसायला हरकत नव्हती. तो बसला. त्या घरची म्हातारी त्याच्याकडे एकटक बघत होती. शेवटी ती म्हणाली की तिचा माणूस अगदी असाच घास घेत असे. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरून बोलावणं आलं, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. होता होता पितृपक्ष आला की चक्की दुपारची बंद राहू लागली.

त्यानं स्वतःला एक नेम घालून घेतला होता. मेलेला माणूस ताटावर उपाशी येतो, म्हणून पाटावर बसेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, काहीच नाही. आणि ताटात येईल ते सगळं खायचं. उडदाचे वडे, भजे, पुऱ्या, कढी, खारवलेली मिरची, लोणचं. रोज कोणाच्या तरी घरी, कोणाच्या तरी आवडीचं.

अलीकडच्या काही वर्षांत पाटावर त्याला काहीतरी होऊ लागलं होतं. मान जड व्हायची. कानात दूर कुठे चक्की चालू असल्यासारखा आवाज यायचा. डोळे लाल व्हायचे, समोरची माणसं पाण्याखाली गेल्यासारखी दिसायची. घरातले लोक एकमेकांकडे बघत आणि आवाज खाली घेत. आला, म्हणत. डोमाजीलाही तसंच वाटे. कोणीतरी त्याच्या खांद्यांवर बसतं, त्याच्या तोंडानं जेवतं आणि उठताना पूर्ण उठत नाही, थोडं आतच राहतं. पंधरा दिवस संपत तेव्हा त्याच्या आत इतकी माणसं असत की बायकोनं हाक मारली तर ओ कोणी द्यायची, असा त्याला प्रश्न पडे.

चक्कीला लागून हरिदासचं किराणा दुकान होतं. दोघं एका वयाचे. हरिदास बोलका, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारा, कोणालाही टोमणा मारणारा. तो डोमाजीला म्हणायचा, तू तं आधीच अर्धा पितर हायेस, पीठ झटकलं का पुरा होशीन. एकदा त्यानं हेही सांगून ठेवलं होतं की माझ्या पाटावर तूच बस, आणि माझ्या वाटचे भजे संपव, एक जरी ठेवलास तर बघ.

गावातली आशा कार्यकर्ती वर्षाली एक दिवस यंत्र घेऊन दुकानासमोर बसली. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी तपासायचं होतं. हरिदासनं तिची थट्टा केली, डोमाजीनं गुपचूप हात पुढे केला. दोघांचंही वाढलेलं निघालं. दोघांनाही काही होत नव्हतं. वर्षाली म्हणाली की काही होत नाही तेव्हाच हे बघायचं असतं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पुन्हा दोनदा तपासलं, रक्त तपासलं आणि गोळी सुरू केली. रोज एक, सकाळी. मीठ कमी, खर्रा बंद, चालणं रोज.

मग दोघं मित्र पहाटे शिवाराकडच्या रस्त्यानं चालायला लागले. हरिदासच्या चपलेचा पट्टा सैल होता, ती दर पावलाला रस्त्यावर आपटत असे. डोमाजी पुढे, हरिदास मागे, आणि मध्ये तो आवाज. दोन्ही बाजूंना कपाशी. हरिदासला खर्रा सोडताना इतका त्रास झाला की तो बोलेनासा झाला, पण त्यानं सोडला. डोमाजीच्या घरी त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईनं, लोणच्याची बरणी माळ्यावर टाकली आणि भाजीत मीठ निम्मं केलं. पहिल्यांदा सगळं पालापाचोळ्यासारखं लागलं. नंतर जीभ शिकली.

काही महिन्यांनी हरिदासचं बीपी ठीक आलं. त्यानं ते सगळ्या गावाला सांगितलं आणि गोळी बंद केली. ठीक झालं तर मग गोळी कशाला, असं त्याचं म्हणणं. ते गोळीमुळेच ठीक आहे, हे वर्षालीनं त्याला दुकानात येऊन दोनदा समजावलं. त्यानं तिला खडीसाखर दिली आणि विषय बदलला. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी तो चालायला आला नाही. छातीत ग्यास धरला म्हणून तो सोडा पिऊन पडून राहिला होता. छातीतलं दुखणं डाव्या हातात आणि जबड्यात गेलं तरी तो ग्यासच म्हणत होता. अंकुशनं, त्याच्या मुलानं, गाडी आणली. आर्वी यायच्या आत सगळं संपलं होतं.

त्यानंतर डोमाजी एकटा चालू लागला. रस्त्याच्या वळणावर, जिथं हरिदास दमून थांबत असे, तिथं त्याच्या मागे चप्पल आपटायची. तो मागे बघत नसे. वेग कमी केला की आवाजही हळू होई. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही. गोळी मात्र तो रोज घेत राहिला. अपवाद फक्त पितृपक्षाचा. त्या पंधरा दिवसांत गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर जायची. तोंडात काही घालायचं नाही म्हणजे गोळीही नाही, आणि जेवून आल्यावर सकाळ उरलेली नसे. सुलोचनाबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता,

“पितराले बीपी नसते.”

हरिदासचं वर्षश्राद्ध झालं, तो पितरांत मिळवला गेला आणि पुढच्या पितृपक्षात त्याची तिथी आली. तिथीच्या सकाळीच अंकुश बोलवायला आला. सुलोचनाबाई दारात उभी होती. तिनं अंकुशला पाणी दिलं आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली की यांनी ताटांसाठी गोळी बंद ठेवली आहे, दोन दिवसांपासून चक्कर येते, परवा चक्कीच्या पट्ट्यावर पडता पडता वाचले. डोमाजी म्हणाला, हरिदासचं ताट आहे, जावं लागेल. अंकुश खाली मान घालून गेला. तो गेल्यावर सुलोचनाबाई मागच्या दारानं बाहेर पडली. ती कुठे गेली ते डोमाजीनं विचारलं नाही.

हरिदासच्या घरी पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. अंकुशनं पाय धुतले. ताट आलं. वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी आणि भज्यांचा ढीग. ताटाशेजारी एका पानावर खर्र्याची पुडी, आणि तिच्या शेजारी एक गोळ्यांची पट्टी, अर्धी रिकामी, अर्धी भरलेली. हरिदासच्या उरलेल्या गोळ्या.

डोमाजीनं त्या बघितल्या. त्यानं घास घेतला. मान जड झाली. कानात ती लांबची चक्की सुरू झाली. भिंतीवरचा हरिदासचा फोटो किंचित पुढे झुकला आणि परत गेला. आतल्या खोलीत कोणी माजघराकडे जात होतं, चप्पल आपटत. घरात चप्पल घालून कोण चालतं, असं त्याला वाटलं. मग त्याला समजलं की आवाज घरात नाही, त्याच्या कानाच्या आत आहे, आणि तो त्याच्या छातीच्या ठोक्यावर पडतो आहे. तो भजे खात राहिला. एकही ठेवायचं नव्हतं.

भजे संपले. अंकुश हात जोडून पुढे आला, पण रुख्माबाईनं, हरिदासच्या बायकोनं, त्याला हातानं थांबवलं आणि ती स्वतः पाटासमोर बसली. बायकांनी विचारायची पद्धत नव्हती. ती डोमाजीकडे बघत होती, पण डोमाजीला नाही.

“तुमी गोळ्या काऊन सोडल्या जी?”

पाटावर बसलेल्याला उत्तर द्यावं लागतं, हे डोमाजीला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्याला ‘तृप्त झाले का’ याशिवाय कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि उत्तर आधीच तिथं असल्यासारखं बाहेर आलं.

“बरं वाटून राह्यलं होतं म्हनून.”

रुख्माबाईनं मान हलवली. तिनं जणू एवढंच ऐकायला दीड वर्षाहून जास्त वाट बघितली होती. तिचे डोळे कोरडे होते. मग ती म्हणाली,

“अन तुमचा दोस्त काऊन सोडून राह्यला? तुमच्याच ताटासाठी ना? त्याले इचारून सांगा. उद्या तो गेला तं त्याच्या पाटावर सुलोचनानं कोणाले बसवावं? गावात बसनारा दुसरा कोन हाय?”

डोमाजीनं ताटाकडे बघितलं. मागच्या सगळ्या वर्षांची ताटं त्याला एकाखाली एक दिसली, विहिरीत वाकून बघावं तशी. तळाशी एक रिकामा पाट होता. त्याभोवती रांगोळी होती आणि सुलोचनाबाई कोणाची तरी वाट बघत उभी होती, आणि कोणी येत नव्हतं.

अंकुशनं हळूच विचारलं, तृप्त झाले का.

“नाई,” डोमाजी म्हणाला. तो उठायला गेला आणि त्याचा तोल गेला.

दारात वर्षाली उभी होती. सुलोचनाबाई तिलाच आणायला गेली होती. वर्षालीनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पुन्हा बघितला आणि अंकुशला गाडी काढायला सांगितली. डोमाजी म्हणाला की हे बीपी नाही, पितर आहे, दरवर्षी असंच होतं. वर्षाली त्याच्यावर रागावली नाही. ती एवढंच म्हणाली की दरवर्षी असंच होत असेल, तर दरवर्षी तो इतकाच जवळ जाऊन आला आहे.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात त्याला काही दिवस ठेवलं. एका तरुण डॉक्टरणीनं पडद्यावर त्याला त्याचं हृदय दाखवलं. करड्या धुक्यात काहीतरी उघडत होतं, मिटत होतं. ती म्हणाली की याची भिंत जाड झाली आहे, वाढलेल्या दाबाशी झटून झटून. अजून वेळ गेलेली नाही. पण गोळी मनानं बंद करायची नाही, मधूनमधून सोडायची तर अजिबात नाही. उपास असेल तर आधी विचारायचं, वेळ बदलून देता येते. डोमाजी पडद्याकडे बघत होता. आत एकटंच काहीतरी राबत होतं. तिथं दुसरं कोणी नव्हतं. त्यानं नीट बघितलं. खरंच कोणी नव्हतं.

परत येताना वर्षालीनं अंकुशलाही गाडीतच गाठलं. बाप छातीनं गेला म्हटल्यावर त्यानं तिशीतच तपासायला हवं, असं तिनं ऐकवलं. अंकुशचं बीपी ठीक निघालं, साखर मात्र काठावर होती. आता तो पहाटे डोमाजीबरोबर चालतो. तो बूट घालतो, त्याच्या पावलांचा आवाज येत नाही.

पुढच्या पितृपक्षात गावातून बोलावणी आली. डोमाजी सगळीकडे नाही म्हणाला. फक्त हरिदासच्या घरी गेला. सकाळी उठल्यावर त्यानं पाण्याबरोबर गोळी घेतली होती, सुलोचनाबाईच्या समोर. रुख्माबाईनं दोनच भजे वाढले होते, भाजीत मीठ बेतानं होतं, खर्र्याची पुडी नव्हती.

तो पाटावर बसला आणि वाट बघू लागला. मान हलकी होती. कानात काही वाजत नव्हतं. भिंतीवरचा फोटो भिंतीवरच होता. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती अगदी स्वच्छ ऐकू आली. इतक्या वर्षांत पाटावर त्यानं बाहेरचं काही ऐकलं नव्हतं. त्यानं मुद्दाम डोळे मिटले, श्वास रोखला, खांदे सैल सोडले. जागा रिकामी होती, झाडून ठेवल्यासारखी. मग त्याला कळलं की कोणीच कधी आलं नव्हतं. एवढ्या घरांत एवढ्या माणसांनी त्याच्या तोंडात ज्यांना बघितलं, ते त्याचंच रक्त होतं, भिंतीवर डोकं आपटणारं.

रुख्माबाई समोर येऊन बसली. ती बराच वेळ त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती.

“आले का जी ते?”

हो म्हणणं सोपं होतं. ती त्यासाठीच बसली होती. डोमाजीनं तिच्याकडे बघितलं.

“नाई वहिनी. मीच हाव.”

रुख्माबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग वरणाची वाटी उचलली आणि त्याच्या भातावर वाढली.

“मंग तुमीच जेवा, भाऊजी,” ती म्हणाली.