काजलची परीक्षा आणि माझं हेल्मेट

चहा आधी पिऊन घ्या, मगच सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकीला असा ठसका लागला की मलाच तिची पाठ चोळत बसावं लागलं. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. अख्खं गाव हसून झालंय, आता तुम्हीच तेवढे राहिलात.

तर नागावच्या पुढं आमचं कोळ्यांचं गाव. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. रविवारची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे फुटलेली ढोपरं आणि सोललेली कोपरं. मांडव्याला बोटीतून उतरायचं, भाड्याची स्कूटर घ्यायची आणि आमचा चिंचोळा रस्ता आपल्या बापाचा समजायचा, ही सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांची रीत. त्यात सायकलवरची आमची पोरं सापडायची. रिटायर झाले तेव्हा ठरवलं, पट्ट्या बांधून पुरे झालं, आता पडूच नये ते शिकवायचं. शाळेत जाऊन सांगितलं, दर शनिवारी मी मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवीन, फुकट.

मी शिकवते कशी, विचारूच नका. डावी बाजू सोडायची नाही, वळताना हात दाखवायचा, मागं बघताना हँडल हलवायचं नाही. आणि माझा सगळ्यात लाडका नियम म्हणजे, कुणी गाडीवाला त्रास द्यायला लागला तर थांबायचं नाही, भांडायचं नाही. माणसं दिसतील त्या पहिल्या अंगणात सायकल घालायची. हा नियम मी पोरांकडून इतका घोकून घेतला होता की ती झोपेतही म्हणाली असती.

या पोरांत काजल होती. सातवी झालेली, बारीक चणीची, पण सायकलवर ताठ बसणारी. पुढचं हायस्कूल पलीकडच्या गावात आणि तिथं वेळेवर पोचवणारी गाडी नाही. तिचे वडील जना नाखवा, मासेमारीच्या बोटीचे मालक, म्हणाले, "बाई, पावन्यांच्या गाड्या कशा येतात बगता ना तुमी? मी बोटीव असनार, जीव माजा हितं टांगलेला. त्यापरीस पोर मामाकडं पालीला जाईल. तिथं शाळा दारात हाय."

काजलला पालीला जायचं नव्हतं. ती माझ्याजवळ रडली नाही, नुसती सायकलची घंटी पुसत बसली. मला ते बघवेना. मी नाखवांना म्हटलं, "रविवारी तुम्ही तुमच्या मासळी वाळवायच्या खळ्यात बसा. काजल समोरच्या रस्त्यानं सायकल चालवत येईल. डोळ्यांनी बघा आणि मग काय ते ठरवा." नाखवा कबूल झाले.

इथवर सगळं ठीक होतं हो. माझी अक्कल पुढं गेली चरायला.

शनिवारी रात्री मनात आलं, रविवारी नेमका रस्ता मोकळा असला तर? मोकळ्या रस्त्यावर सायकल कोणीही चालवेल, त्यात नाखवांना काय दिसणार? एखादा उर्मट पाहुणा मागं लागला आणि पोरगी डगमगली नाही, असं त्यांना दिसायला हवं. मग पाहुण्याची वाट कशाला बघा? मी आहे की!

माझी स्कूटर गावातलं शेंबडं पोरही ओळखतं, म्हणून अलिबागहून भाच्याची मागवली. त्याचं जाकीट, हातमोजे आणि काळ्या काचेचं, हनुवटीपर्यंत झाकणारं हेल्मेट. आमच्या गावात हेल्मेट दिसलं की माणूस बाहेरचा, हे ठरलेलं. काजलला सांगितलं नाही. परीक्षा कुणी आधी फोडतं का?

सकाळी काजल निघाली. मी मागून हॉर्न वाजवत गेले. पोरगी डावीकडेच. मी एकदम जवळून कट मारला, तरी हँडल सरळ. मला इतका अभिमान वाटला की हेल्मेटच्या आत डोळे भरून आले. पुसणार कसे? काच खाली. तशीच पुन्हा मागं लागले, पुन्हा हॉर्न.

तेवढ्यात काजलनं डावा हात बाहेर काढला आणि खळ्यात वळली.

मी म्हटलं, अगं वेडे, तुला सरळ जायचंय! परीक्षेत चुकली की पोर! झालं, तिला चूक सांगायला मीही स्कूटर वळवली. माझाच नियम, आणि माझ्याच डोक्यात नाही.

खळ्यात नुकताच ओला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरलेला. चाक त्यावर गेलं, स्कूटर एकीकडे आणि मी दुसरीकडे, जवळ्यात आडवी. उठते तोवर कोळणी धावून आल्या. पुढं काजलची आजी, हातात खराटा.

"मेल्या, पोरीच्या मागं लागतोस? काड ते टोपरं!"

मी आतून ओरडतेय, "अहो मी, मी!" पण पट्टा काही सुटेना. आणि खराटा थांबेना. जाकीट जाड होतं, म्हणून आज तुमच्यासमोर टेकून बसलेय.

शेवटी नाखवांनी माझी कॉलर धरून उभं केलं आणि काच वर केली.

"बाई? तुमी?"

खराटा हवेतच राहिला. केसांत जवळा, जाकिटात जवळा, आणि मी म्हणते, "परीक्षा घेत होते."

कोणी हसलंसुद्धा नाही. नाखवा काजलकडे वळले. "घाबरलीस?"

"घाबरले ना, बाबा," काजल म्हणाली. "पन बाईंनी सांगितलंय, घाबरलं तरी हँडल हालवायचं न्हाय. आन् मानसं दिसतील तिथं वळायचं. तुमी दिसलात."

नाखवा तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. मला फार भरून आलं. मी म्हटलं, "नाखवा, तिचं काही चुकलं नाही. चुकले ती मी. माझा राग पोरीवर काढू नका. तिला पालीला पाठवू नका."

"न्हाय पाठवत," ते म्हणाले. "शाळेत जाईल ती सायकलनंच. पोर माजी हुशार हाय. पन बाई, एक अट."

"बोला ना. हवं तर मी रोज तिच्या मागं स्कूटरनं..."

"तीच अट. शाळंच्या वेळंला तुमी गाडी काडायची न्हाय."

मग मात्र सगळं खळं हसलं. सगळ्यात मोठ्यानं आजी.

तेव्हापासून शाळेच्या वेळेला मी पाव आणायलासुद्धा चालत जाते. काजल रोज समोरून येते, ताठ, दप्तर पाठीला. आणि जाता जाता अगदी माझ्याच आवाजात मला सांगते, "बाई, कडेनं चाला हं."

मी चालते.