भाकरीचा धागा

त्या वर्षी विलायतेत कापसाला एवढा भाव आला, की अमरावतीभोवतीच्या शेतांत ज्वारी कुणी पेरलीच नाही. बाहेरून यायची ती जुनी ज्वारी, तिची भाकर थापता थापता तडकायची. कापूसबाजाराशेजारी माझी खानावळ होती. तिथे कापूस पारखणारा एक माणूस रोज जेवायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

तो भाकरीचा तुकडा दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि तुटलेली कड उजेडात बघायचा. वरणातला कढीपत्ता बाजूला काढून त्याला कचरा म्हणायचा.

"भाऊ, तू जेवाले आला का कापूस घ्याले?" मी एकदा विचारलंच.

"मावशी, धागा आखूड हाय," तो म्हणाला. "पीठ कढत पान्यात भिजवजा. धागा लांबते."

रागारागानंच तसं करून पाहिलं. भाकर तडकली नाही, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

मग माझ्याच शेतातल्या कापसाची गाडी बाजारात आली. मला वाटलं, रोज माझ्या हातचं खाणारा माणूस आहे, चांगलं बोलेल. त्यानं चिमूटभर कापूस घेतला, पण ओढला नाही, तोंडात टाकला. डोळे मिटून बराच वेळ चघळला.

"कच्चा हाय," तो म्हणाला. "आनखी दोन दिवस उनात शिजू द्या."

गाडी परत न्यावी लागली. संध्याकाळी मी त्याच्या ताटात भाकरीऐवजी तोच कापूस वाढला. त्यानं तो दोन अंगठ्यांत ओढला आणि उजेडात धरला.

"आज भाकर जमली, मावशी," तो म्हणाला आणि त्यानं वरण मागितलं.