सिग्ब्रितची जमीन

आमच्या स्मोलांड प्रांतातल्या कारखान्यात लाकडाची जमीन बनते. लाकडाची म्हणजे लाकडाच्या चित्राची. खाली दाबलेला भुसा, वर ओकच्या रेषा छापलेला कागद. त्या रेषा बावीस वर्षं सिग्ब्रित काढत आली आहे. हाताने नव्हे, संगणकावर. खऱ्या फळीचा वीतभर नमुना द्यायचा, मग शेजारी काय आहे ते बघत बघत संगणक पुढचा तुकडा जोडत जातो आणि वीतभराचं मैदान करतो.

तिचा एकच कायदा. नमुन्यात एकदाच घडलेलं जे काही असेल, डाग, खिळ्याचं भोक, ते आधी पुसायचं. नाहीतर संगणक तेच जागोजागी उमटवतो आणि गिऱ्हाईक बोट ठेवतं. नव्याने आलेला कोणी हे विसरला की बाई त्याची अशी काही हजेरी घ्यायची की बिचाऱ्याची कॉफी गार व्हायची. मीही खाल्ल्यात तिच्या शिव्या.

तिचा नवरा एव्हर्ट दोन वर्षांपूर्वी वसंतात गेला. त्याच शरदात धुराडं पेटून त्यांचं तळ्याकाठचं उन्हाळी घर जळालं. उरली फक्त लोखंडी चूल आणि तिच्याखालचा फळीचा तळहाताएवढा तुकडा. त्या तुकड्यावर एक ओरखडा होता. घर घेतलं त्या पहिल्याच दिवशी एव्हर्टने ती चूल एकट्याने दारापासून कोपऱ्यापर्यंत फरफटत नेली होती. त्यानंतर तीस वर्षं, पाहुणा आला रे आला की सिग्ब्रितचं सुरू, "एवढं सांगितलं होतं, उचलून ने म्हणून!" आणि एव्हर्टचं ठरलेलं, "अगं, लाकूडच ते, त्याला काय होतंय!" आम्हाला दोघांचीही वाक्यं पाठ होती.

नवं घर उभं राहिलं तेव्हा तिला जमीन तीच हवी होती. दुसरं काही नको. जेवणाच्या सुट्टीत तिने मला पडद्यासमोर बसवलं. तुकडा तिने न पुसता संगणकाला दिला होता! अख्ख्या जमिनीवर ओरखडेच ओरखडे.

"काय गं, एव्हर्ट रोज चूल ओढत होता की काय?" मी हसून म्हणालो. जीभ हासडावी असं वाटलं मला.

"हसू नकोस मेल्या," ती म्हणाली. डोळे भरले होते.

"बाकीचे पुसू. एक ठेवू, दारापासून कोपऱ्यापर्यंत."

"चार बोटांएवढाच उरलाय रे तो. पुढचा कुठून आणू? तो मध्ये दम खायला थांबला होता, तिथे वळला होता. ते शेजारच्या तुकड्याला काय माहीत?"

मग तिनेच नमुन्यातला तो ओरखडा पुसला. सावकाश, एकेक ठिपका करत.

जूनमध्ये जमीन बसली. मला हाक आली चूल जागेवर लावायला. मी खाली घालायला जुनं कांबळं घेऊन गेलो होतो. जमीन बघून मीच दचकलो, इतकी हुबेहूब. ती मात्र दारातच उभी होती, परक्याच्या घरी आल्यासारखी.

"चल, धर एक बाजू," मी म्हणालो.

"उचलू नकोस. ओढ."

"वेडी आहेस का? नवी कोरी जमीन!"

"रूने, ओढ म्हणते ना!"

मी ओढली. भयंकर जड. अर्ध्यावर दम खायला थांबलो, मग कोपऱ्याकडे वळवली. पाठीमागून ती ओरडली, "एवढं सांगितलं होतं, उचलून ने म्हणून!"

मग ती माझ्याकडे बघत राहिली, वाट बघत. एव्हर्टचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण खाली ओरखड्यातून भुसा दिसत होता, आणि लाकूडच ते, असं काही मला म्हणवेना.